शर्यतीसाठी जुनी मोटारसायकल : पारख आणि पथ्ये

मोटारसायकलच्या शर्यतीत उतरण्याची आकांक्षा बाळगणाऱ्या, परंतु कारखान्याचे पाठबळ वा धनिकाचा आश्रय न लाभलेल्या हौशी स्पर्धकापुढे पहिला व्यावहारिक प्रश्न उभा राहतो तो गाडीचा. कोरी गाडी दुकानातून आणावी, तिचे दिवे, आरसे आणि रंगीत आवरणे उतरवावीत, आणि सरावाच्या पहिल्याच दिवशी ती डांबरावरून घसरत जाण्याचा संभव मनोमन स्वीकारावा, इतकी ऐपत फार थोड्यांची असते. आणि ज्यांची असते त्यांच्याही दृष्टीने तसे करणे शहाणपणाचे ठरतेच असे नाही. म्हणून काही वर्षे रस्त्यावर वापरलेली जुनी स्पोर्ट्स बाइक विकत घेऊन तिचे शर्यतीच्या गाडीत रूपांतर करणे, हा हौशी स्पर्धकांनी देशोदेशी चोखाळलेला मार्ग आहे. मात्र रोजच्या जाण्यायेण्यासाठी जुनी गाडी घेणे आणि शर्यतीसाठी घेणे, हे दोन व्यवहार वरकरणी सारखे दिसले तरी त्यांतील दृष्टी परस्परविरुद्ध असते. रस्त्यासाठी गाडी घेणारे गिऱ्हाईक रंगाची झळाळी, टाकीवरचा ओरखडा, दिव्यांची काच, सीटचे आवरण आणि मीटरवरचा आकडा न्याहाळते; शर्यतीसाठी घेणाऱ्याला यांतील बहुतेक वस्तू पहिल्याच आठवड्यात उतरवून माळ्यावर टाकायच्या असतात, आणि ज्या भागांकडे सामान्य गिऱ्हाइकाची नजरही जात नाही त्या भागांवरच त्याची सुरक्षितता आणि त्याचा पैसा अवलंबून असतो. जे सुटे होते आणि स्वस्तात बदलता येते त्याच्या दोषांना घाबरू नये, आणि जे बदलता येत नाही त्याच्या बाबतीत तसूभरही तडजोड करू नये, हे या व्यवहाराचे मूलसूत्र होय. पुढील सर्व विवेचन त्याच सूत्राचा विस्तार आहे.

आपल्याकडे या खेळाची परंपरा मुख्यतः दक्षिणेत रुजली. 1953 साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने मद्रासजवळच्या शोलावरम येथील, महायुद्धाच्या काळात बांधलेल्या विमानांच्या धावपट्टीवर अनेक दशके शर्यती भरवल्या. पुढे याच संस्थेने श्रीपेरुम्बुदूरनजीक इरुंगट्टुकोट्टई येथे 3.717 किलोमीटर लांबीचा कायमस्वरूपी मार्ग बांधला आणि 1990 पासून तेथे शर्यती होऊ लागल्या. कोइमतूरजवळ चेट्टिपाळयम येथे, मोटारशर्यतीचे थोर पुरस्कर्ते एस. करिवर्धन यांच्या स्मरणार्थ उभारलेला 2.1 किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे आहे, आणि 2011 साली ग्रेटर नोएडा येथे खुला झालेला 5.125 किलोमीटरचा बुद्ध सर्किट हा या देशातील सर्वांत भव्य मार्ग होय. पुण्याच्या, नाशिकच्या वा कोल्हापूरच्या स्पर्धकाला राष्ट्रीय शर्यतीत भाग घ्यावयाचा, तर गाडी टेम्पोत घालून या दूरच्या मार्गांपर्यंत न्यावी लागते. आणि ही वस्तुस्थिती खरेदीच्या हिशेबात प्रारंभापासूनच धरली पाहिजे, कारण शेकडो किलोमीटर प्रवास करून पोहोचल्यावर जी गाडी पहिल्या सरावातच बंद पडते ती किती स्वस्तात मिळाली होती याला मग काही अर्थ उरत नाही.

या धावपट्ट्यांवर हौशी स्पर्धकाने आणलेली गाडी बहुधा जुनीच असे. एस्कॉर्ट्स कंपनीने 1983 साली बाजारात आणलेली, दोन सिलिंडरांची 347 सीसीची राजदूत 350, आणि त्यानंतर 1985 मध्ये आलेली अवघ्या 98 सीसीची यामाहा आरएक्स 100, या टू-स्ट्रोक गाड्यांनी एका संपूर्ण पिढीला वेगाचा नाद लावला. आणि आरएक्स 100 च्या बाबतीत तो लावण्याचे एक मोठे कारण असे, की तिचे सुटे भाग गावोगावी मिळत, तिची रचना प्रत्येक मिस्त्रीला मुखोद्गत असे, आणि एखादा भाग मोडला तर तो बदलण्यास वेळ वा विशेष खर्च लागत नसे. परदेशांतही हाच न्याय दिसून येतो. 1999 साली आलेली 645 सीसीची सुझुकी एसव्ही 650 ही मुळात रस्त्यावरच्या सर्वसाधारण चालकासाठी निर्माण झालेली गाडी; परंतु ती विपुल संख्येने विकली गेली, जुन्या बाजारात तिचे मोल उतरले, आणि ब्रिटन व अमेरिका येथील क्लबांच्या शर्यतींत ती हौशी स्पर्धकांची हक्काची गाडी होऊन बसली. दुर्मीळ आणि अतिवेगवान गाडीपेक्षा विपुल आणि सुपरिचित गाडी हौशी खेळाडूला अधिक उपकारक ठरते, हा या सर्व इतिहासाचा निष्कर्ष आहे.

खरेदीचा क्रम मात्र बहुतेक नवखे उलटा लावतात. ते आधी गाडी पसंत करतात, पैसे मोजतात, आणि मग ती कोणत्या गटात बसेल याची चौकशी करतात. वास्तविक पाहता प्रथम नियमपुस्तिका हाती घ्यावी. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या राष्ट्रीय संघटनेचा स्पर्धा-परवाना काढल्यावाचून मान्यताप्राप्त शर्यतीत उतरता येत नाही, आणि प्रत्येक गटाची क्षमतेची मर्यादा, कोणते फेरफार ग्राह्य व कोणते निषिद्ध, कोणते टायर वापरावेत, सायलेन्सर मूळचाच हवा की बदललेला चालेल, याचा तपशील त्या-त्या वर्षाच्या नियमांत दिलेला असतो. एकाच बनावटीच्या गाड्यांच्या शर्यतींत पुष्कळदा गाडी आयोजकच पुरवतात. तेथे स्वतःची गाडी नेण्याचा प्रश्न उद्भवत नाही. स्वतःची गाडी लागते ती खुल्या गटांत, आणि अलीकडच्या राष्ट्रीय स्पर्धांत 165 सीसीपर्यंतचा तसेच 301 ते 400 सीसीचा असे जे गट प्रचलित आहेत, त्यांना अनुलक्षून जुन्या बाजारातील दोन गाड्यांचा येथे उदाहरणादाखल विचार करू.

पहिली यामाहा आर 15. 2008 साली भारतात अवतरलेल्या या गाडीत 149.8 सीसीचे पाण्याने थंड होणारे इंजिन, सहा गिअर, आणि डेल्टाबॉक्स या नावाने ओळखली जाणारी, दोन रुंद पोलादी बाहूंनी इंजिनाला कवेत घेणारी चेसिस होती. शक्ती मिनिटाला 8,500 फेऱ्यांना सुमारे 17 अश्वशक्ती. 2011 मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत इंजिन तत्त्वतः तेच राहिले, परंतु चाकांमधील अंतर 1,290 वरून 1,345 मिलिमीटर झाले, मागचे चाक धरणारा चिमटा ॲल्युमिनिअमचा झाला, आणि मागचा टायर 100/80 ऐवजी 130/70 मापाचा आला. हौशी स्पर्धकाच्या दृष्टीने शेवटचा फरक सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण पकड देणारे चांगले टायर पहिल्या आवृत्तीच्या अरुंद रीमवर बसवायचे म्हटले तर निवडीला फारसा वाव राहत नाही. 2018 ची तिसरी आवृत्ती 155 सीसीची असून अधिक शक्तिमान आहे; ती 165 सीसीच्या मर्यादेत बसते, परंतु जुन्या बाजारातही तिचा भाव चढा असतो.

दुसरी केटीएम आरसी 390. ही गाडी पुण्याजवळ चाकण येथील बजाजच्या कारखान्यात तयार होऊन जगभर गेली. 2014 मध्ये ती आपल्या बाजारात आली आणि अमेरिकेतील राष्ट्रीय स्पर्धामालिकेत 2015 पासून काही वर्षे तरुण स्पर्धकांसाठी केवळ याच गाडीचा स्वतंत्र गट चालवला गेला. 373 सीसीचे एकच सिलिंडर, 89 मिलिमीटरचा बोअर आणि 60 मिलिमीटरचा स्ट्रोक, 9,500 फेऱ्यांना सुमारे 43 अश्वशक्ती, आणि पोलादी नळ्यांच्या जाळीची चेसिस, अशी तिची ठेवण आहे. मराठी मुलखातील स्पर्धकाला ही गाडी विशेष सोयीची, कारण तिचे जन्मस्थान निकट असल्याने सुटे भाग आणि जाणते कारागीर यांचा पुण्याच्या परिसरात तुटवडा नाही.

या दोन इंजिनांवर पडणारा ताण किती भिन्न आहे हे एका साध्या गणिताने समजते. पिस्टन प्रत्येक फेरीत एकदा वर आणि एकदा खाली जात असल्याने स्ट्रोकची दुप्पट लांबी गुणिले फेऱ्या, असा हिशेब मांडला म्हणजे त्याचा सरासरी वेग मिळतो. आर 15 चा स्ट्रोक 58.7 मिलिमीटर, म्हणजे 8,500 फेऱ्यांना हा वेग सेकंदास सुमारे 16.6 मीटर, आरसी 390 चा 9,500 फेऱ्यांना 19 मीटर. त्यातच 390 चा पिस्टन आकाराने मोठा आणि वजनाने जड. शिवाय पिस्टनला प्रत्येक टोकाशी थांबवून परत फिरवण्यास लागणारे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फेऱ्या एक दशांशाने वाढल्या की हे बल एकवीस टक्क्यांनी वाढते. वळणाआधी घाईने गिअर खाली टाकताना एकाऐवजी दोन गिअर उतरले, तर मागचे चाक इंजिनाला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवते, आणि इंधन तोडून फेऱ्या रोखणारी विद्युत्-यंत्रणा तेथे निरुपयोगी ठरते. असा प्रसंग मीटरवरच्या आकड्यात उमटत नाही. म्हणून थोडे किलोमीटर चाललेली गाडी ही चांगलीच असणार, हा रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाचा ठोकताळा शर्यतीच्या खरेदीत फारसा कामी येत नाही. शर्यतीत इंजिनाचे आयुष्य तासांत मोजतात.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे वळू. आणि ती इंजिनापासून नव्हे, चेसिसपासून आरंभावी. इंजिन उघडता येते, दुरुस्त करता येते, प्रसंगी दुसरे आणता येते. परंतु वाकलेली चेसिस म्हणजे वाकलेली गाडी, आणि तिच्यावर चेसिस नंबर कोरलेला असल्यामुळे ती बदलणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने गाडीची ओळखच बदलणे होय. प्रथम हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून चेसिसच्या मुंडीवरचे, म्हणजे हँडल जिच्यात फिरते त्या नळीवरचे, अडसर पाहावेत. समोरून जोराची धडक बसली वा गाडी उलटली, तर हँडल पूर्ण कोनात जाऊन हे छोटे धातूचे उंचवटे चेपतात किंवा तुटतात. विक्रेत्याने आवरणे नवी बसवली, टाकी रंगवली, तरी या कोपऱ्याची आठवण त्याला क्वचितच राहते. त्यानंतर मुंडीच्या मागचा भाग, वेल्डिंगच्या कडा आणि इंजिन जेथे बोल्टांनी धरलेले असते त्या जागा प्रखर उजेडात निरखाव्यात. रंगाला गेलेली केसासारखी चीर, पोलादावरची सुरकुती, किंवा इतर चेसिसपेक्षा किंचित निराळ्या छटेचा रंग दिसला, तर किंमत कितीही आकर्षक असली तरी त्या गाडीचा नाद सोडावा.

दोन्ही चाके एका रेषेत आहेत की नाहीत हे पाहण्यास दोरीसारखे स्वस्त आणि विश्वसनीय साधन नाही. मागच्या टायरला मागून वळसा घालून दोरीची दोन्ही टोके दोन बाजूंनी पुढे आणावीत, ती मागच्या टायरच्या पुढच्या कडेला जेमतेम स्पर्श करतील अशी ताणावीत, आणि पुढचे चाक सरळ धरून त्याच्या दोन्ही अंगांना दोरीपर्यंतचे अंतर मोजावे. आर 15 च्या दुसऱ्या आवृत्तीत मागचा टायर नामतः 130 आणि पुढचा 90 मिलिमीटर रुंद. अर्थात प्रत्येक बाजूस सुमारे वीस मिलिमीटरची फट दिसावयास हवी. अचूक आकड्यापेक्षा दोन्ही बाजूंची समानता पाहावी. फरक दिसला तर आधी चेनच्या ताणाचे बोल्ट दोन्हीकडे सारखे आहेत ना, याची खातरजमा करून पुन्हा मोजावे, कारण मागचे चाक तिरपे बसले असेल तर चेसिसवर वृथा दोषारोप होईल. इतके करूनही फरक कायम राहिला, तर चेसिस किंवा चिमटा यांपैकी काहीतरी वाकले आहे, असे निश्चित समजावे.

मग गाडी मधोमध उचलून पुढचे चाक अधांतरी ठेवावे आणि हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. मध्यावर हलकासा खटका जाणवला, तर कोनसेटच्या, म्हणजे मुंडीतल्या बेअरिंगच्या, वाटीत गोळ्यांनी खड्डे पाडले आहेत. हा दोष वेगात अत्यंत घातक असला तरी त्याचा इलाज स्वस्त आहे; म्हणून गाडी नाकारण्याऐवजी भाव पाडून घेण्यास त्याचा उपयोग करावा. चाक पुढेमागे हलवून फोर्क आणि बेअरिंग यांची ढिलाई पाहावी, फोर्कच्या नळ्यांवरून नख फिरवून ओरखडे पाहावेत, आणि सीलखाली तेलाचे वर्तुळ आहे का तेही बघावे. सील बदलता येतात. वाकलेली नळी मात्र पारखून घ्यावी लागते. फोर्क केवळ पिळला गेला असेल तर पकडीचे बोल्ट ढिले करून तो सरळ बसतो. नळीच वाकली असेल तर ती काढून सपाट काचेवर लोळवली असता नळीखाली उजेडाची फट उघडमीट होताना दिसते. मागे चिमट्याला हाताने आडवे हलवावे. किंचितही आवाज आला तर त्याचे बुश गेले आहेत.

ब्रेकची तपासणी सोपी, पण तिचे कारण समजून घेणे अगत्याचे. गतिमान गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी 60 किलोमीटरने जाणाऱ्या गाडीपेक्षा ताशी 120 किलोमीटरने जाणाऱ्या त्याच गाडीत चौपट ऊर्जा साठलेली असते, आणि ती सर्व काही सेकंदांत डिस्कच्या पातळ कड्याने उष्णतेच्या रूपाने पचवावी लागते. शहरात वर्षभर निर्वेध चाललेले ब्रेक धावपट्टीच्या चौथ्या फेरीत मऊ पडतात याचे कारण हेच. त्यांतले जुने तेल हवेतील ओलावा शोषून घेते, तापल्यावर त्या ओलाव्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्यामुळे लिव्हर हँडलपर्यंत येतो. तेल, पॅड आणि नळ्या बदलावयाच्याच आहेत असे धरून चालावे. डिस्क मात्र वाकडी नाही ना आणि तिची जाडी कारखान्याने कोरलेल्या मर्यादेपेक्षा कमी नाही ना, एवढे पाहावे.

इंजिन पाहावयास जाताना विक्रेत्याला आधी कळवून ठेवावे की गाडी थंड ठेवावी. आणि पोहोचताच हाताने इंजिनाचा स्पर्श घेऊन पाहावा. ते गरम असेल तर ते आधीच सुरू करून ठेवले आहे, आणि जे इंजिन थंड असताना दाखवण्याची विक्रेत्याची तयारी नाही त्याच्यात काहीतरी दडलेले असण्याचा संभव मोठा. सुरू झाल्यावर निळसर धूर निघाला तर तेल जळते आहे, काळा निघाला तर पेट्रोल अधिक जात आहे, आणि गोडसर वासाचा पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर हेडच्या गॅस्केटमधून कूलंट आत शिरत आहे. तेलाचे झाकण उघडून त्याच्या आतल्या बाजूस दुधाळ थर दिसला तरी तोच संशय घ्यावा. टायमिंग चेनची खडखड, क्लच दाबल्यावर बदलणारा आवाज, पंखा वेळेवर सुरू होणे, आणि इंजिनाच्या दोषाचा दिवा चावी फिरवताच लागून गाडी सुरू झाल्यावर विझणे, हे सर्व कान आणि डोळे शाबूत असलेल्या माणसाला अर्ध्या तासात तपासता येते.

त्यानंतर कॉम्प्रेशन मोजावे. इंजिन तापलेले, थ्रॉटल पूर्ण उघडे, अशा स्थितीत प्लगच्या जागी दाबमापक लावून स्टार्टर फिरवावा. आकडा कारखान्याने दिलेल्या मापापेक्षा कमी आला, तर सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे. आता दाब वाढला तर रिंग आणि सिलिंडर झिजले आहेत, कारण तेलाने ती फट तात्पुरती बुजवली. वाढला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. या भेदाला खर्चाच्या दृष्टीने मोठा अर्थ आहे. आरएक्स 100 च्या काळी सिलिंडरमध्ये ओतीव लोखंडाचे अस्तर असे. ते झिजले की किंचित मोठा बोअर पाडून मोठा पिस्टन टाकता येई, आणि असे एकाहून अधिक वेळा करता येई. आर 15 चे सिलिंडर सिलिकॉनमिश्रित ॲल्युमिनिअमचे आहे आणि आरसी 390 च्या सिलिंडरच्या आत निकेल आणि सिलिकॉन कार्बाइड यांचा कठीण पातळ लेप असतो. झीज होऊ न देण्यात ही दोन्ही तंत्रे जुन्या लोखंडापेक्षा श्रेष्ठ, परंतु एकदा चरा पडला की बोअर पाडण्याची सोय नाही, बहुधा सिलिंडरच बदलावे लागते. जुन्या पिढीच्या मिस्त्रीचा सल्ला या एका बाबतीत जसाच्या तसा स्वीकारू नये.

गिअरबॉक्सची परीक्षा चालवूनच होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये कमी वेगापासून थ्रॉटल पूर्ण उघडावे आणि एकदम बंद करावे; गिअर निसटला तर आतील दात व खोबणी झिजल्या आहेत, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी इंजिनाची मूळ पेटी दुभंगावी लागते. क्लच घसरणे हा त्या मानाने किरकोळ दोष आहे. इंजिनाच्या बाजूच्या झाकणांवर पडल्याच्या खुणा असतील तर घाबरू नये, झाकणे मिळतात. पण खालच्या मूळ पेटीला चीर वा वेल्डिंग असेल तर व्यवहार थांबवावा.

येथे आणखी एक प्रश्न विचारात घेतला पाहिजे: रस्त्यावरची जुनी गाडी घ्यावी, की कोणीतरी शर्यतीसाठी आधीच तयार केलेली घ्यावी? दुसऱ्या पर्यायाचे आकर्षण उघड आहे. मागे सरकवलेले फूट-पेग, फायबरची आवरणे, चांगले ब्रेक-पॅड, बदललेला मागचा शॉकअप, या सर्वांचे मोल विक्रेत्याला पुन्हा कधीच पूर्ण वसूल होत नाही, आणि त्याचा लाभ खरेदीदाराला आयता मिळतो. पण अशा तयार गाडीचे इंजिन सतत उच्च फेऱ्यांवर चाललेले असते आणि ती पडलेली असणार हे गृहीतच धरावे. निवाडा विक्रेत्याच्या नोंदवहीवर करावा. तेल केव्हा बदलले, व्हॉल्व्हचे अंतर केव्हा मोजले, पिस्टन कोणत्या शर्यतीनंतर बदलला, गाडी कोठे पडली आणि त्यानंतर काय काय तपासले, याची तारीखवार नोंद जो ठेवतो त्याची दोनदा पडलेली गाडीसुद्धा निर्धास्तपणे घ्यावी. आणि ज्याला यांतले काहीच सांगता येत नाही त्याची चकचकीत गाडीही टाळावी. पहिल्यांदाच शर्यतीत उतरणाऱ्याला नोंदवहीसह मिळालेली तयार गाडी रस्त्यावरच्या गाडीपेक्षा एकंदरीत स्वस्त पडते, असे माझे मत आहे.

दस्तऐवजांची शहानिशा हा या व्यवहाराचा उपेक्षित परंतु अनिवार्य भाग होय. गाडी रस्त्यावर चालवावयाची नाही, तेव्हा कागद कशाला पाहिजेत, असा युक्तिवाद करून बिनकागदाची गाडी स्वस्तात देऊ करणारे इसम भेटतात. त्यांच्या वाऱ्यासही उभे राहू नये. अशी गाडी चोरीची असण्याचा संभव असतो, चोरीचा माल जाणूनबुजून बाळगणे हा गुन्हा आहे, आणि टेम्पोतून नेताना एखाद्या नाक्यावर हटकले गेल्यास मालकीचा पुरावा देण्याची जबाबदारी आपल्यावर येते. नोंदणीपत्रावरचे इंजिन आणि चेसिस नंबर प्रत्यक्ष कोरलेल्या आकड्यांशी अक्षरशः पडताळून पाहावेत, आकड्यांभोवती घासल्याच्या खुणा नाहीत याची खात्री करावी, आणि बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा पस्तीस क्रमांकाचा फॉर्म व बँकेचा ना-हरकत दाखला घ्यावा. मालकी हस्तांतराचे 29 आणि 30 क्रमांकांचे फॉर्म सहीनिशी हाती आल्यावाचून पूर्ण रक्कम देऊ नये. परराज्यातील गाडी असल्यास 28 क्रमांकाचा ना-हरकत दाखलाही लागतो.

कायद्याच्या आणखी दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीत कारखान्याच्या तपशिलाबाहेरचे फेरफार करण्यावर निर्बंध घालते, आणि कलम 189 सरकारच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक जागी शर्यत वा वेगाची चाचणी करण्यास शिक्षा सांगते. तात्पर्य, दिवे-आरसे उतरवलेली गाडी घरापासून मैदानापर्यंतसुद्धा चालवत नेऊ नये. नेहमीच्या विमापत्रातही संघटित शर्यतीतील नुकसान वगळलेले असते. त्यामुळे धावपट्टीवरचा प्रत्येक अपघात आपल्याच खर्चाचा, हे समजून हिशेब मांडावा.

गाडी ताब्यात आल्यावर जी तयारी करावयाची तिच्यामागे मुख्यतः एकच विचार असतो: आपल्यामुळे दुसऱ्याला अपाय होऊ नये. तेल सोडण्याचा बोल्ट आणि फिल्टरच्या झाकणाचे बोल्ट यांना भोक पाडून पोलादी तारेने बांधतात, कारण कंपनाने ते सुटले तर सांडलेल्या तेलावरून मागून येणारे सर्वच घसरतील. ग्लायकॉलयुक्त कूलंट डांबरावर दीर्घकाळ निसरडे राहत असल्याने रेडिएटरमध्ये साधे शुद्ध पाणी भरतात. काचेचे भाग काढतात, स्टँड काढतात, आणि इंजिनाखाली तेल साठून राहील असे खोलगट आवरण बसवतात. शक्तिवर्धनाचा मोह मात्र पहिल्या वर्षी आवरावा. नियम त्यास बहुधा परवानगी देत नाहीत, आणि देत असले तरी एक-दोन अश्वशक्तीच्या लाभापेक्षा ताज्या टायरांचा आणि नीट बसवलेल्या शॉकअपचा लाभ फेरीच्या वेळेत कितीतरी अधिक दिसून येतो.

राहिला पैशाचा प्रश्न. शर्यतीसाठी बाजूला काढलेल्या एकूण रकमेपैकी निम्म्याहून अधिक रक्कम गाडीत घालू नये, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. उरलेल्या रकमेतून प्रथम अंगरक्षणाची साधने घ्यावीत: प्रमाणित हेल्मेट, अखंड चामडी पोशाख, पाठीच्या कण्याचे संरक्षक, घोटा झाकणारे बूट आणि मनगट झाकणारे हातमोजे. यांपैकी हेल्मेट कधीही जुने घेऊ नये, कारण त्याच्या आतील थर एकदाच आघात सोसण्यासाठी असतो आणि तो दबलेला आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. त्यानंतर टायर, परवाना, प्रवेशशुल्क, टेम्पोचे भाडे, प्रशिक्षणाचे शुल्क, आणि पडल्यावर लागणारे लिव्हर, फूट-पेग व हँडल यांची बेगमी. ज्याने सगळी शिल्लक गाडीवरच उधळली त्याच्या अंगणात उत्तम गाडी उभी राहते, आणि तो स्वतः धावपट्टीवर वर्षातून एकदाच दिसतो.

हौशी शर्यतीतील प्रगती फेऱ्यांच्या संख्येने होते. ब्रेक कोठे सोडावा, वळणाच्या कोणत्या बिंदूवर नजर ठेवावी, थ्रॉटल किती हळुवार उघडावे, हे ज्ञान पुस्तकातून अल्पसे आणि पुनःपुन्हा त्याच वळणातून जाण्याने बहुतांशी मिळते. आणि 17 अश्वशक्तीच्या सरळ, विश्वासू गाडीवर ते जितक्या लवकर मिळते तितके पडण्याच्या भीतीने जपून चालवलेल्या महागड्या गाडीवर मिळत नाही. म्हणून सौदा पक्का करण्यापूर्वी स्पर्धकाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: माझ्या ऐपतीत, या गाडीवर, येत्या वर्षभरात मला किती फेऱ्या मारता येतील? पाहिलेल्या गाड्यांपैकी जिचे प्रामाणिक उत्तर सर्वांत मोठे येईल ती, मग तिचा रंग उडालेला असो वा आवरणे फुटलेली असोत, निःशंकपणे घ्यावी.